मावळतीच्या सात खिडक्या

भाटघरच्या धरणाचं पाणी शिवाराला लागलं, त्या सकाळी वडिलांनी घराच्या दाराची चौकट उपसून खांद्यावर घेतली आणि आम्ही गाव सोडलं. आईने चुलीचे दगडसुद्धा पाटीत घातले. वरच्या पठारावर पावसाच्या आत सात घरं उभी करायची होती.

तिथलं पहिलं भाषण माझं, हे तुम्ही मुंबईला गेलेले गावकरी विसरला नसाल. भोरच्या शाळेत शिकलेला मी, खिशात आरोग्यावरचं चोपडं. धुराने आपल्या बायकांचे डोळे जातात, हा अन्याय आहे. वारं मावळतीचं, तेव्हा प्रत्येक घराला मावळतीकडे मोठी खिडकी हवीच, असं मी ठणकावलं.

भिवाकाकांनी आजवर पंचक्रोशीतली निम्मी घरं शाकारलेली. ते डोकं खाजवत म्हणाले, "जुन्या गावाला डोंगराचा आडोसा व्हता. हितं पाऊस आत यील का काय, आसं वाटतंय. नक्की न्हाई सांगता येत."

वडिलांनी निकाल दिला, "पोरगं अडखळत न्हाई, म्हंजी त्याला ठावं आसणार."

सातही घरांना खिडक्या ठेवल्या.

आषाढात पाऊस आडवा आला, तो थेट चुलीवर. तीन दिवस कुणाची चूल पेटली नाही. मावळतीच्या कच्च्या भिंती पाझरू लागल्या. आणखी एक दिवस, की घरं बसणार. सखूआत्या डोक्यावर सूप धरून म्हणाली, "उजेड लई झाला रं बाबा, आता वाईच अंधार दे."

तेवढ्यात भिवाकाका आले. पाठीवर गवताची सात झापं, वैशाखातच विणून ठेवलेली. ती खिडक्यांवर बांधताना मी चिडून विचारलं, तेव्हाच ठासून का नाही सांगितलंत?

"म्या हितला पाऊस बगितला कुठं व्हता? न बगितल्यालं ठासून कसं सांगू?"

भिंती वाचल्या. खिडक्याही राहिल्या, चार महिने झाप, आठ महिने उजेड. धुराबद्दल मी खोटं बोललो नव्हतो, एवढं तरी माझ्या पदरात घाला.

आता पुण्यात छापखान्यात प्रुफं तपासतो, पत्रकं लिहितो, अन्यायावर अजून तुटून पडतो. पण सभेत वक्ता फार ठणकावू लागला, की माझे डोळे गर्दीत डोकं खाजवणारा माणूस शोधतात. मुंबईला गेलेल्यांनो, तुम्हीही शोधा.

गेल्या खेपेला पठारावर गेलो, तर शाळा कुठं बांधावी यावर बैठक बसलेली. "खिडकीवाले आले," आत्या म्हणाली, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. वडीलसुद्धा.

मी म्हणालो, "म्या ती जागा पावसात बगितली न्हाई."

भिवाकाका घोंगडीवर जरासे सरकले. पुण्यात मला खोली आहे. घर म्हणाल, तर ती सरकून दिलेली वीतभर जागा.