पाच घरांचं दुपटं

हिंगणीत कोणालाही विचारा, आनंदाबाई करणी करते. लोकांच्या कपड्यातला धागा ओढते, काडी लावते आणि जळलेलं बोटानं चोळून पाहते. चहाटपरीवाला मुकेश तर भुवया वर चढवून, आवाज घशात नेऊन सांगतो, "माह्या शर्टाचा धागा जाळला ना बाप्पा तिनं, दुसऱ्या दिवशी म्हैस आटली."

म्हैस आठ दिवस आधीच आटली होती. ते आठही दिवस त्यानं आम्हाला पाकिटाच्या दुधाचा चहा पाजला. आणि आनंदाआजी धागा चोरत नाही, मागून घेते. जाळते, एवढं मात्र खरं. सुती असला तर तो कागदासारखा जळतो, राख फुंकरीनं उडते. नसला तर वितळतो आणि त्याचा काळा, कडक मणी होतो.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तिनं बावीस हंगाम कापसातला कचरा वेचला. पण गावात तिची ओळख दुपट्यांची. आमच्याकडे नव्या बाळाच्या अंगाला आधी नवा कपडा लावत नाहीत. पाच घरचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कपडे मागायचे, त्यांचं दुपटं शिवायचं, बाळ त्यात गुंडाळायचं. माझंही तिनंच शिवलं. ते अजून आमच्या घरी आहे, त्यानं टीव्ही पुसतात.

तिनं लहानाची मोठी केलेली भाची, आकांक्षा, सेवाग्रामला असते. तिला नववा लागलाय. पहिल्या खेपेला आजीनं जपून ठेवलेलं सगळं चांगलं सुती कापड काढून दुपटं शिवलं होतं. बाळ जगलं नाही. दुपटं त्याच्यासोबत मातीत गेलं. आता आजीजवळ एक चिंधी नाही. अंगावरचं लुगडंसुद्धा कोणाच्या तरी लग्नात मिळालेलं, चमकणारं. त्याचा मणी तिनं कधीच पाहून ठेवलाय.

"आजी, कापसाचं गाव आपलं," मी म्हटलं. "गल्लीतच पाच घरं भेटतील."

"नाई भेटत."

"लागली पैज?"

"लागली. भेटले त गॅदरिंगमधी साऱ्या गावाची करते तशी माही नक्कल कर, मी समोर बसून पाहीन. नाई भेटले त वर्षभर नवा कपडा घ्याचा नाई. फाटला त मी शिवून देईन."

मला वाटलं, झालंच.

सदाशिवराव गुरुजींनी जुनं धोतर दिलं. राख उडाली. एक. यशोदाकाकूनं काकांचा पंचा दिला. दोन. मी मनातल्या मनात स्टेजवर चढलेसुद्धा. मग सुरभीताईनं कपाट उघडलं तर कपडेच अंगावर पडले. तिचा आवाज काढायचा तर नाक थोडं दाबावं लागतं: "न्या ना आजी, जेवढे नेता तेवढे न्या. दोनदा घातले का मले बोरच होते." सात धागे, सात मणी. त्यातल्या एकावर तर शंभर टक्के कॉटन लिहिलेलं.

"लेबल असन कापसाचं," आजी म्हणाली.

त्यानंतर सगळी गल्ली मण्यांचीच. ज्यांच्या ओसरीत कापूस छताला लागला होता, त्यांच्याही घरी मणी. आजी ते टाकत नव्हती, मुठीत धरून चालत होती. शेवटच्या घराच्या पायरीवर ती बसली.

"पोरी, एवढा कापूस वेचला मी. नाकात कापूस, केसात कापूस, भाकरीत कापूस. अन् एका लेकराले गुंडाळाले भेटून नाई राह्यला. जाते कुठी वो तो?"

मी माझी नवी कुर्ती पुढे केली, मोबाईलवरून मागवलेली, प्युअर कॉटन. आजीनं काडी लावली. मणी गार झाल्यावर तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला.

तेव्हा मला टीव्हीवरचं फडकं आठवलं. धावत जाऊन आणलं. धागा झर्रकन जळला, राख उडून गेली.

"आजी, हे माहंच दुपटं. याच्यात पाचही घरं हायेत. मी जिंकली."

तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. आपलेच टाके बोटांनी चाचपले. "हा तुह्या आजीचा पदर," म्हणाली, "अन् हे गुरुजीचं पहिलं धोतर." ती आता हसेल असं मला वाटलं. मग तिनं ते उजेडाकडे धरलं आणि हलकेच ताणलं. ते मधोमध फाटलं, आवाजही झाला नाही.

"सोळा वर्सं टीव्ही पुसला तुमी याच्यानं," ती म्हणाली. चिडून नाही. मी म्हैस आटली असं सांगितलं असतं तरी ती त्याच आवाजात बोलली असती.

आकांक्षाच्या नवऱ्यानं बाळासाठी दुकानातून केसाळ, गुलाबी ब्लँकेट आणून ठेवलंय. त्याचा धागा आजीनं अजून ओढलेला नाही. तिनं धोतर आणि पंचा पिशवीत घातला. वर माझ्या दुपट्याचे दोन तुकडे घडी करून ठेवले, कशासाठी ते सांगितलं नाही.

"दोन घरचंच होईन," म्हणाली.

उठताना तिनं मूठ उघडली. मणी पायरीवरून टपटपत खाली गेले.

"वर्षभर," ती म्हणाली. "ध्यानात ठेवजो."

पैज मी हरले. जिंकलेल्या माणसाचं तोंड एवढं उतरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.