शहनाजआपांचं गोड बोलणं

पहिल्या दिवशी शहनाजआपांनी मला ना खुर्ची दिली, ना पाणी विचारलं. फक्त एक प्रश्न विचारला, "व्हायरस जिता असते का मेला?"

मी नुकतीच एम.एस्सी. झालेली, विद्यापीठात पहिली. वडील यवतमाळला कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे जग आपल्या सहीवाचून अडलेलं आहे असा घरातला पिढीजात समज. मी पदर सावरला आणि पुस्तकातली व्याख्या म्हणायला लागले. अर्धं पान झालं असेल. आपांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का वं? तुयापेक्षा जास्त कलकल करते."

आपा जनावरांच्या डॉक्टर. पांढरकवड्यात त्यांच्या अब्बांचं मोटार गॅरेज होतं; त्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी कोंबड्यांचे रोग तपासायची प्रयोगशाळा मांडली होती. अंडी उबवायचं कपाट अब्बांनी जुन्या फ्रिजच्या सांगाड्यात बल्ब बसवून केलेलं. कापसानं त्या वर्षांत आमच्या भागाची पार दशा केली होती, आणि गावोगावच्या बाया कोंबडीपालनाकडे वळल्या होत्या. पिल्लं आजारी पडली की त्या पाटी डोक्यावर घेऊन एसटीनं थेट आपांकडे यायच्या. आपा त्यांना चहा पाजायच्या, आणि मला शिव्या द्यायच्या.

"गधे, नीट ऐक," त्या म्हणायच्या. "व्हायरसजवळ काही नसते. ना चूल, ना पीठ, ना हात. फक्त एक चिठ्ठी असते. पेशीच्या अंगावरची साखर पकडून तो दारात लटकते, अन् दार उघडलं की चिठ्ठी आत. त्यात लिव्हलं असते, माह्यासारखे हजार कर. पेशी तुयासारखीच, शिकलेली. वाचते अन् करते! भांडी तिची, रांधणारे तिचे. तिच्याच पडद्याच्या पिशव्या करून त्यात लपून तो चिठ्ठीच्या नकला काढते. अन् जाताना तिचंच लुगडं गुंडाळून जाते. समजलं का?"

समजलं होतं. माझ्या पुस्तकाला जे दोन प्रकरणांत जमलं नव्हतं, ते आपांनी एका चहात उरकलं होतं. पण मला राग यायचा तो 'तुयासारखीच'चा.

ज्या घराण्याच्या नावानं पुढे सारं जग दारं लावून बसलं, त्याच घराण्यातला एक विषाणू कोंबड्यांनाही होतो. तेव्हा कुणाला 'करोना' म्हटलं तर पंपाचं नाव वाटलं असतं. त्याला शोधायची आपांची रीत एकच. आजारी पिल्लाच्या घशातला नमुना दहा दिवस उबवलेल्या, आत जिवंत पिल्लू असलेल्या अंड्यात टोचायचा. विषाणू असेल तर आतलं पिल्लू खुरटतं, गोळा होऊन बसतं. "जित्या पेशीबिगर तो काहीच करू शकत नाही," आपा बजावायच्या. "मेल्या अंड्यात टोचशीन त सात जन्म वाट पाहत बसशीन."

मुकुटबनच्या कमलबाईंनी दीडशे पिल्लं पाळायला घेतली होती. एकेक दिवसाची आणली, आठव्या दिवशी खोकायला लागली. त्यांची मुलगी बारावी झाली होती, तिला यवतमाळला नर्सिंगला ठेवायचं होतं, आणि ते सगळं या कोंबड्यांच्या अंड्यांवर ठरलं होतं. "मॅडम, नीट पाहा बरं," कमलबाई मला म्हणाल्या. "आपा म्हणे, तो रोग असंल त हे पिल्लं अंड्यासाठी ठेवू नको, खाण्यासाठी इकून टाक, दुसरे आण." मी मान डोलावली, डॉक्टरच असल्यासारखी.

कमलबाईंच्या नमुन्यासाठीची अंडी कपाटात उबत होती, आणि आपा दोन दिवस फुलसावंगीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "लाइन गेली की जनरेटर लाव. विसरलीस त तुले कपाटात बसवीन उबवाले." दुसऱ्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी काळी चंद्रकळा नेसले, नथ घातली, आणि बारा वाजता कुलूप लावून निघाले. एका बाईनं माझ्या नथीची तारीफ केली, म्हणून मी आणखी दोन घरं केली. लाइन बाराला गेली होती, ती सहाला आली. जानेवारीची थंडी. परतले तेव्हा अंडी हाताला गार लागली. बल्बासमोर एकेक धरलं; आत काही हललं नाही. ज्या लाल शिरांचं जाळं सकाळी दिसत होतं, तिथे एक काळपट डाग.

आता पाहा या सुवर्णपदकाची अक्कल. मी ती अंडी नाल्यात टाकली, चौकातल्या दुकानातून आमलेटची डझनभर अंडी आणली आणि कमलबाईंचा नमुना त्यांत टोचला. ज्या अंड्यात पिल्लूच नाही, त्यात विषाणू कुणाची चूल पेटवणार? आठवड्यानं फोडली, तर पिवळ्याजर्द बलकाशिवाय काही नाही. मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'विषाणू आढळला नाही.'

"आतली पिल्लं बरोबर वाढली होती?" आपांनी विचारलं.

"हो आपा. छान."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "शाब्बास." मला किती आनंद झाला, हे सांगायला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

पाच महिन्यांनी कमलबाईंचा निरोप आला. आपांनी मला जीपमध्ये घातलं. मुकुटबनला कोंबड्या अशा देखण्या की नजर लागावी. लालभडक तुरे, तुकतुकीत पिसं. कमलबाईंनी कुटार, म्हणजे भुसा, घालून टोपल्या मांडल्या होत्या. एकेक कोंबडी दिमाखात टोपलीत जाऊन बसायची, अर्ध्या तासानं उठायची. खाली काही नाही.

"रोज पाह्यतो मी," कमलबाई म्हणाल्या. "वाटते, आज अंडे देतीन. लहान हायेत, उद्या देतीन."

आपांनी एक कोंबडी कापली. पोटात बलक सुटे पडलेले, ढीगभर. आणि त्यांना बाहेर आणणारी नळी करंगळीएवढी, जागोजाग बंद. आठ दिवसांची असतानाच विषाणूनं ती आतून वापरून संपवली होती. आपांनी ती नळी कोंबडीशेजारी ठेवली. मग हात न धुताच माझ्याकडे वळल्या. "बोल."

मी बोलले. नथीपासून आमलेटच्या अंड्यांपर्यंत सगळं. कमलबाईंची मुलगी दारात उभी होती. तिनं मधेच भाकरीचं पीठ उचललं आणि आत गेली.

"पण तुमी सांगतलं काहून नाही, मॅडम?" कमलबाईंनी विचारलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तवाच सांगतलं असतं, त दुसरे पिल्लं आणले असते ना मी."

"आपा रागावतील म्हणून," मी म्हणाले.

हे मी मुळुमुळु रडत म्हटलं, आणि खरं सांगते, त्यात थोडा सूडही होता. आपा उठल्या. बाकीच्या कोंबड्या टोपल्यांत बसत होत्या, उठत होत्या. त्या मुलीचं लग्न त्याच वर्षी उरकलं.

परतताना मी शिव्यांची वाट पाहत होते. केळापूरच्या फाट्यावर आपांनी गिअर बदलला. मग म्हणाल्या, "उद्या आपण दहा वाजता या, मॅडम."

मला वाटलं, सुटले! इतकी मी मूर्ख. नोकरी गेली नाही, पगार थांबला नाही. त्यानंतर बारा वर्षं मी तिथे काम केलं. पिपेट फोडली, तरी आपा "असू द्या, मॅडम" म्हणायच्या. नंतर आलेल्या पोरींना त्या गधी, माकडीण, उंटीण सगळं म्हणत, त्यांच्या डब्यातली भाजी हिसकून खात. माझ्यापुढे चहाचा कप बशीसकट ठेवत.

करोनात त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा मी आजी झाले होते, तरी लाडावलेली होतेच. फोन केला. पलीकडे श्वास ओढल्याचा आवाज येत होता. त्यांच्याच पेशी त्या वेळी आत काय रांधत होत्या, ते त्यांना माझ्याहून नेमकं ठाऊक होतं. मला एक शिवी हवी होती, बस, एकच. म्हणून मी मुद्दाम म्हणाले, "आपा, कोंबड्यांची लस पडलीये माझ्याकडे. तीच पाठवू का? घराणं एकच ना!"

मी फोन कानात रुतवून बसले. दोन दिवसांनी त्या गेल्या. माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य त्या फोनवरचंच.

"आपण आठवण ठेवली, मॅडम," त्या म्हणाल्या, "फार बरं वाटलं."