चौथ्या घरची म्हैस

कर्ज फक्त धंद्याला, असा आमच्या फंडाचा नियम होता. लग्नाला नाही, दवाखान्याला नाही, शिक्षणाला नाही. तो मीच बंगळुरूच्या एसी खोलीत बसून मोठ्या ऐटीत लिहिला होता. मंठाळ गावच्या चार बायकांनी म्हशीसाठी कर्ज घेतलं होतं, म्हणून म्हशी बघायला गेलो.

पहिल्या घरच्या म्हशीचं डावं शिंग मोडलेलं होतं. दुसऱ्या घरच्या म्हशीचंही डावंच. तिसऱ्या घरी तीच म्हैस धापा टाकत उभी होती. मी घरच्या बाईकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही.

"अण्णा, लेकीच्या नर्सिंगची फी भरले. फीला देत न्हाई तुमी, म्हशीला देताव. मग काय करावं?"

नियम बदला म्हणून नंतर मी वरच्या साहेबांशी दोनदा भांडलो होतो. फंडात पैसे घालणाऱ्यांना म्हशीचेच फोटो हवे होते. आणि अहवालात खरं लिहिलं तर चौघींचंही कर्ज बंद.

चौथ्या घरी गोठा रिकामा होता. मी ओट्यावर बसलो, चहा मागितला आणि म्हैस पोचेपर्यंत सावकाश पीत राहिलो.