कुरडयांशेजारची धायटी

धायटीची लालचुटुक फुलं मी फर्दापूरच्या डोंगरातून पोतंभर आणली होती. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष, विषय रानातल्या औषधी वनस्पतींचे अर्क. फुलं सावलीतच वाळवायची, हा त्यातला पहिला नियम. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून उस्मानपुऱ्यातल्या घरी माझ्या खोलीत पंख्याखाली चादरीवर पसरली. मावली नाहीत ती पेपरवर घालून खाटेखाली सारली.

एका संध्याकाळी घरी आले तर चादर गायब. गच्चीवर आईच्या कुरडया, शेजारणीचे पापड आणि मधोमध माझी फुलं, ऊन खाऊन तपकिरी झालेली.

"पंख्याखाली कुठं काय वाळतंय? बुरशी आली असती," आई म्हणाली. "लई कडक ऊन होतं. बघ, कशी खडखडीत झाली."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. धायटीचा बहर सरला होता, खाटेखालची थोडी फुलं पुरणारी नव्हती, म्हणजे माझं वर्ष गेलं, एवढं तिला नीट कळलं. त्या रात्री ती जेवली नाही, मीही नाही. वडील मात्र पोटभर जेवले.

सगळं ऐकून मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "खाटेखालची आहेत ना? मग दोन्ही तपास."

कापलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून आपण लिंबू लावतो. तसंच काम करणारी द्रव्यं फुलांत किती उरलीत, ते बघायचं होतं. जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा; द्रावण जितकं पिवळं, तितकी द्रव्यं जास्त. सावलीतल्या फुलांनी ते बघता बघता पिवळं केलं. आईच्या फुलांनीही केलं, पण अर्धवट. उन्हानं किती नुकसान होतं ते त्यामुळं मोजता आलं, आणि प्रबंधात एक अख्खं प्रकरण वाढलं. घरी मी फक्त "काम झालं" म्हणाले. माझा ताठा अजून उतरला नव्हता.

तोंडी परीक्षेला आई नवं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसली. बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंध उघडून विचारलं, "धायटी उन्हात? हे कुणी केलं?"

आई उभी राहिली.

"मी केलं, साहेब. पोरीचा काही दोष नाय. तिचं वर्ष वाया घालवू नका."

हसू दाबत परीक्षक म्हणाले, "बसा, आई. तुमच्यामुळंच तर हे प्रकरण झालं. सगळ्यात चांगलं तेच आहे."

आई बसेना. त्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता.

"खरं का गं?" तिनं मला विचारलं.

"व्हय," मी म्हणाले, सगळ्यांसमोर. मग ती बसली.