दत्तारामने दाखवलेली जाळी

दत्ताराम गेल्याचं मला मासळीबाजारात कळलं. पापलेट चावायला आता दात नाहीत, म्हणून मी बोंबील बघत होतो. माझ्या ओळखीची वरळीची कोळीण एका मोठ्या माशाची खवलं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, हे हत्यार बनवणारा तुमचा दोस्त काल गेला ना?" तिच्या हातात दत्तारामचंच हत्यार होतं, वर झाकण असलेलं, खवलं तोंडावर उडू न देणारं. मी म्हटलं, "कोण सांगतं?" ती म्हणाली, "त्याच्या पोरीकडे मीच मासे देते. आज नको म्हणाली, आणि रडायलाच लागली." मी तसाच निघालो. मागनं ती ओरडत राहिली, "अवो काका, बोंबील घ्या की..."

मी चौथीपर्यंत शिकलो. हे लिहिलंय मी, नातीने काना-मात्रा बघितल्यात. तिने सुरुवातीला 'दुःखद निधन' असं घातलं होतं, ते मी खोडलं. दत्ताराम ऐंशीच्या पुढे जाऊन, चहा पिऊन गेला. दुःख मला त्याच्या तेराव्याला झालं. पानावर बसलो होतो, वडे वाढून झाले होते, आणि त्याची मुलगी सुनंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, जेवून जा. पण आज बोलते. बाबांचं सगळ्यात मोठं पेटंट तुम्ही चाळवाल्यांनी घालवलंत. आई मरेपर्यंत हेच म्हणायची." मी जेवलो. भरल्या पानावरून उठणं मला जमत नाही, आणि तिथे भांडायचं तर बापाचा फोटो समोर होता. म्हणून उत्तर इथे देतोय.

आमची चाळ डिलाईल रोडला. मी साताऱ्याकडचा, तो मालवणचा, मिल एकच. मी साचा चालवायचो, म्हणजे माग. मिलमध्ये आम्ही मागाला साचाच म्हणतो. दत्ताराम फिटर. साचा बंद पडला की त्याला हाक मारायची. तो यायचा, साच्याला कान लावायचा आणि मला शिवी द्यायचा. "तुमका घाट्यांका काय कळतला! अरे, बैल न्हय तो." घरी त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. सगळीकडे पत्रा, तारा, स्प्रिंगा. त्याचं पहिलं पेटंट एका खेळण्याचं होतं, पत्र्याचा खेकडा. चावी दिली की आडवा चालायचा, आणि टेबलाची कड आली की पडायचा नाही, नांग्या उचलून वळायचा. आख्खी चाळ त्या खेकड्यावर पैजा लावायची, आज पडतो की नाही. पडला नाही कधी. मग आडवा झाला की आपोआप विझणारा स्टोव्ह केला. तेव्हा स्टोव्हच्या भडक्याने बायका जळायच्या, त्यामुळे तो स्टोव्ह आधी माझ्याच बायकोने मागून घेतला.

पेटंट म्हणजे काय, ते मला त्यानेच समजावलं होतं. वस्तू तुझ्या डोक्यातली आहे असं सरकार लिहून देतं, मग काही वर्षं दुसऱ्या कोणी ती करून विकायची नाही. पण अर्ज जाण्याआधी ती चारचौघांत दाखवायची नाही. दाखवलीस की ती सगळ्यांची झाली. म्हणून नवीन काम चालू असलं की त्याच्या दाराला आतून कडी असायची.

आता धोट्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धोटा म्हणजे साच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारं लाकूड. दोन्ही टोकांना लोखंडी अणकुची, पोटात सूत. सूत अडकलं की कधीकधी तो वाट सोडून उडायचा, आणि गोळीसारखा यायचा. आमच्या चाळीतल्या बाबीचा डावा डोळा त्यानेच गेला. बाबीला उचलून नेताना दत्ताराम बाजूलाच होता. त्यानंतर कितीतरी महिने तो कागदावर रेघा मारत होता. साच्याच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली तारेची जाळी. धोटा वाटेवरून उचलला गेला की जाळी उभी राहणार, धोटा तिच्यावर आपटून खाली पडणार. जाळी डोक्यात पुरी झाली आणि संप सुरू झाला. साचे कुलपात गेले, दत्ताराम बाहेर राहिला.

त्याने बायको आणि लहानग्या सुनंदाला गावी पाठवलं. निम्म्या चाळीने तेच केलं होतं. मागे राहिलेले पुरुष गॅलरीत बसून एकमेकांकडे बघायचे. कोण कुठे गेला, कोणाला चोरून कामावर घेतलं, कोणाच्या घरी मटण शिजलं... माणसं वासावरून भांडायची. अशात एक दिवस मिलच्या ऑफिसातला माणूस दत्तारामच्या खोलीतून बाहेर पडताना दोघातिघांनी बघितला. संध्याकाळपर्यंत चाळीत ठरूनही गेलं. दत्तू मालकासाठी यंत्र करतोय, एक माणूस दहा साचे चालवेल असं. संप फुटला की आपण सगळे घरी.

नळावर त्याच्या बादलीला कोणी जागा देईना. दाराला कोणीतरी डांबर फासलं. पोरं आता हातात सळ्या घेऊन बोलायला लागली होती. मी त्यांना म्हटलं, आधी मी जातो. मी दार ठोकलं. मागे वीस-पंचवीस माणसं.

त्याने दार किलकिलं केलं. मी म्हटलं, "दत्तू, काय करतोस ते दाखव."

"माका आता दाखवूक जमाचा नाय. आधी कागद जावंक व्हयो."

मागनं कोण ओरडलं, "कागद मालकाकडे जाणार!"

मी म्हटलं, "मिलचा माणूस का आला होता?"

"गेटाच्या आत ये, आमच्या साच्यावर बसवून दाखव, असा तो म्हणत होतो. मी नाय म्हटलंय."

"आम्ही हे कशावरून मानायचं?"

त्याने माझ्याकडे जे बघितलं... सांगता येत नाही. म्हणाला, "तू पण?" मी म्हटलं, "मी पण." आणि मी हटलो नाही. सुनंदा, हे तुझ्यासाठी लिहितो. मी दार ठोकलं नसतं तर दुसऱ्याने ते फोडलं असतं. आजही ठोकीन.

दत्ताराम बाहेर आला, मागे दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "गणपतीत दाखवतंय. मंडपात. सगळ्यांका." वर्गणी आटलेली, देखाव्याला त्या वर्षी छदाम नव्हता. त्यामुळे मंडळाने हो म्हटलं आणि सळ्या खाली झाल्या. त्याचा अर्ज जायला अजून वेळ होता, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. बाकी कोणाला ते सांगून पटलं नसतं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाली आणि त्याने पडदा काढला. भंगारातून उभा केलेला अर्धाच साचा, पायाने चालणारा. तुम्हाला वाटेल लोक हरखले असतील. नाही. धोटा इकडून तिकडे पळाला, जाळी गप्प पडून राहिली. एकाने शेरा मारला, "हे तर आमच्या आजीचं विणकाम." दत्तारामने धोट्याच्या वाटेत एक खुंटी ठोकली आणि म्हणाला, "आता उडतलो. समोरचे बाजूक व्हा."

लोक बाजूला झाले. तेव्हा बाबी पुढे आला. ज्या जागेवर डोळा गेला होता, साच्याच्या टोकाशी, बरोबर तिथे. म्हणाला, "मी रवतंय उभो."

दत्तारामने पायट्यावरचा पाय काढून घेतला. "बाबी, बाजूक हो. नवीन आसा, पयल्यांदाच उडवतंय."

"माझ्या डोळ्यासाठी केलंस ना?"

"होय."

"मग मार पाय."

मी बाबीचा दंड धरला, त्याने झटकला. त्याने एकुलता डोळा मिटलासुद्धा नाही. दत्तारामने पाय पुन्हा पायट्यावर ठेवला. मग खटकन आवाज झाला. जाळी कधी उभी राहिली ते कोणी बघितलं नाही. धोटा बाबीच्या पायाशी पडला होता. बाबी वाकला, तो उचलून गणपतीपुढे ठेवला आणि दत्तारामला म्हणाला, "खूप उशीर केलंस रे."

त्यानंतर त्याच्या बादलीला नळावर पहिला नंबर मिळायला लागला. दार मी स्वतः रॉकेलने पुसलं.

गणपती गेल्यावर तो फोर्टात पेटंटचं काम बघणाऱ्या वकिलाकडे गेला. मी सोबत होतो. भला माणूस होता. त्याने कागद बघितले, खूश झाला. मग पेन हातात घेऊन विचारलं, "हे कुठे जाहीर दाखवलं नाही ना?" मी टेबलाखालून दत्तारामचा गुडघा दाबला. गल्लीतलं कोण फोर्टात सांगायला येणार होतं? दत्ताराम म्हणाला, "दाखवलंय. मंडपात. सगळ्या गल्लीने बघितलंय." वकिलाने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मी पुन्हा विचारतो. नीट विचार करून सांगा." म्हणजे त्याच्या परीने तो वाट करून देत होता.

दत्ताराम उठला. म्हणाला, "साहेब, नाय दाखवला असा मी लिवलंय, तर बाबी थंय उभोच नव्हतो असा होतला."

वकिलाला कळलं नसेल. मला कळलं. जिना उतरताना मी त्याला शिव्या घातल्या, मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, "तुझो गुडघो दुखत नाय? माझो दुखताहा, मेल्या, किती दाबलंस!"

संप कधी संपला ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही भिवंडीला पॉवरलूमवर गेलो. तिथे ज्याने त्याने आठवेल तशी जाळी करून साच्यावर बसवली. कोणाला विचारायचं नव्हतं. मीही बसवली.

गेल्या रविवारी मी हे सगळं घेऊन सुनंदाकडे गेलो. वाचून नाही दाखवलं, तोंडानेच सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण चेहरा कडकच. म्हणाली, "तरी तुम्ही दार ठोकायला नको होतं." मी म्हटलं, "ठोकायला हवंच होतं." ती उठून आत गेली. मला वाटलं, आता चप्पल घालावी. पण ती पोटमाळ्यावरून एक पोतं घेऊन आली. त्यात मंडपातली जाळी होती, गंजलेली. मधोमध चार तारा आत दबलेल्या.

"हे कसलं?" तिने विचारलं.

"धोटा लागला तिथे."

"आणि मागे बाबीकाका?"

"मागेच."

तिने जाळी दोन्ही हातांनी उचलली, स्वतःच्या तोंडासमोर धरली आणि त्या दबलेल्या तारांतून माझ्याकडे बघितलं. "एवढ्याच्या भरवशावर उभे राहिले?"

मी म्हटलं, "जरा खाली घे. बाबी ठेंगणा होता."

तिने खाली घेतली.