हँकी-पँकी

कळव्यातल्या एका बालवाडीत मी शिकवते. बालवाडी म्हणायचं नाही, प्रीस्कूल म्हणायचं. आणि वर्गात मराठीचा एक शब्द काढायचा नाही, हा तिथला नियम. मुलगी कॉलेजात गेल्यावर मिळालेली ही माझी पहिलीच नोकरी. एवढीएवढीशी पोरं मला टीचर म्हणतात तेव्हा मी सुखावते, खोटं कशाला बोलू!

पोरांबरोबर माझंही इंग्लिश वाढत होतं. सुपर-डुपर, टीनी-वीनी, ओकी-डोकी. मला वाटलं, आपण चहाबिहा म्हणतो, तसंच हे. म्हणून सर्दीच्या दिवसांत पालकांच्या ग्रुपवर मी इंग्लिशमध्ये लिहिलं, मुलांना रोज हँकी-पँकी देऊन पाठवा. हँकी म्हणजे रुमाल, तेव्हा रुमालबिमाल, एवढंच मला म्हणायचं होतं.

आधी हसण्याचे इमोजी आले. मग एका बाबांनी विचारलं, "टीचर, कोणाबरोबर?" संध्याकाळी तो मेसेज फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला.

मुलीने मोबाइल पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं आई, हँकी-पँकी म्हणजे लफडं!" मग तिनेच शोधून वाचून दाखवलं. जुना अर्थ हातचलाखी, फसवाफसवी. जादूगाराच्या होकस-पोकसवरून आला असावा, पण नक्की कोणालाच माहीत नाही. तिथेच दिसलेला विली-निली तेवढा सरळ निघाला: मनात असो वा नसो. मला संतापच आला. ज्याचा जन्म इंग्रजांनाही धड सांगता येत नाही, त्या शब्दापायी माझी नोकरी जायची वेळ! आपण कशालाही 'बि' लावून मोकळे होतो. त्यांचे जोड आधीच ठरलेले, हे मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, ग्रुपवर आता तुम्ही काही टाकू नका. वर्गातपण जपून बोला. परत असं झालं ना, तर मला दुसरी टीचर बघावी लागेल."

नोकरी राहिली. मी जाते, विली-निली. पण तोंड उघडायची धास्ती बसली आहे. मराठी बोलायचं नाही आणि इंग्लिशचा भरवसा नाही.

काल वर्गात एका मुलीचं नाक गळत होतं. पर्समधून माझा रुमाल काढून मी ते पुसलं. तिने रुमालाला बोट लावलं आणि मीच रोज विचारते तो प्रश्न मला विचारला, "टीचर, व्हॉट इज धिस?"

मी रुमालाची घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवून दिला.