पिवळा रबरी पट्टा

लष्करातून रिटायर झालेला माणूस अंथरुणाला खिळला, तरी त्याची हुकमत काही खिळत नाही. आमच्या मालकांचं तसंच. अर्धांगवायूनं डावं अंग गेलं, आवाज मात्र शाबूत. दोन वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं सगळं माझ्यावरच. शेवटी माझा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना.

पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, महिन्याभरात खांदा सुधारला नाही, तर बाबांना मी इकडं नेणार. माणूस ठेवू." मालकांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. गाव सोडायचं त्यांच्या जिवावर आलेलं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी पिवळा रबरी पट्टा दिला. खिडकीच्या गजाला अडकवायचा, कोपरं बरगडीशी ठेवून मागं ओढायचा, पाठीचे फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, जवळ आणायचे. दहा वेळा, सावकाश. तोवर मालकांना उचलायचं नाही. चुलत दीर सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांना उठवू लागले.

"धा? धा तर पोरंठोरं मारत्यात!" मालक खाटेवरून गरजले आणि मोजायला लागले. "एक! दो! पाठ सरळ!" मी जरा वाकले की पुन्हा एकपासून. पन्नास करून घेतले. मीही खुळी, ऐकलं. चार दिवसांत खांदा सुजून टम्म. बाईंनी मलाच फैलावर घेतलं, "हे काय भरतीचं ग्राउंड आहे का?"

मग मी दम भरला, "आवं, धाच मोजायचं. न्हाईतर तोंड बंद!" तेव्हापासून हळू मोजायचे बिचारे. आवाजात भीती असायची. माझा खांदा सुधारला तरच त्यांना इथं राहायला मिळणार होतं.

महिन्यानं मिरजेला गेले. हात सरळ कानापर्यंत गेला. "झकास! आता काकांना उचलायला हरकत नाही," बाई म्हणाल्या. आनंद व्हायला हवा होता. एसटीत बसून मी रडले. लय थकले होते हो. खांदा बरा झाला होता, मी नाही.

घरात पाऊल टाकलं तोच मालकांनी विचारलं, "काय म्हणली बाई?"

"अजून उचलू नका म्हणली." खोटं बोलले, आणि बोलता बोलता पिशवी उंच खुंटीला अडकवली.

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोराला फोन लाव. म्हणावं, येतो मी."

नको म्हणायला हवं होतं. मी फोन लावला.